खारवलेला दिवा

आमच्या जीपच्या डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं चित्र असलेला एक लाल दिवा होता, गुंजेएवढा. चावी फिरवली की तो लागायचा आणि इंजिन सुरू झालं की दोन सेकंदांत विझायचा. विझला नाही तर इंजिनात ऑइलचा दाब तयार होत नाही, असा त्याचा अर्थ. दाब नसला की लोखंडावर लोखंड घासतं आणि चालत्या गाडीचं इंजिन जागच्या जागी पकडतं, म्हणजे जाम होतं. हे मला दहाव्या वर्षापासून पाठ होतं, कारण माझा बाप मेकॅनिक. पण आपल्या किनाऱ्यावर हा दिवा खोटं बोलतो, हेही त्याच बापानं मला शिकवलं होतं.

आमचं घर खाडीच्या काठाला, मागे मिठागरं. मिठाचा हंगाम सुरू झाला की वाऱ्याबरोबर मीठ घरात येतं. दाराच्या बिजागऱ्या, कुकरच्या दांड्याचा स्क्रू, देवघरातली घंटा, कशालाच ते सोडत नाही. इंजिनाच्या अंगाला ऑइलचा दाब ओळखणारं एक बोटभर बटण असतं आणि त्याला एकच तार. त्या तारेचं आवरण मिठानं खाल्लं की तार उघडी पडते, पत्र्याला टेकते आणि डॅशबोर्डवरचा दिवा उगाच लागून राहतो. याला आमच्याकडे ‘दिवा खारवला’ म्हणतात. पुण्याचा माणूस असा दिवा बघून गाडी रस्त्याच्या कडेला लावेल आणि चार जणांना फोन करेल. आमच्याकडची माणसं शिट्टी वाजवत पनवेल गाठतात.

पण त्याआधी एक रीत होती. गाडी माझ्या बापाच्या अंगणात आणायची. बाबा बॉनेट उघडायचा. लाकडी मुठीचा हातभर लांब डिसमिस घेऊन त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानात दाबायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. डिसमिसमधून इंजिनाच्या पोटातला आवाज जसाच्या तसा कानात येतो. आवाज स्वच्छ असला की दिवा खोटा. मग बाबा तार घासूनपुसून ग्रीस लावायचा, आणि एवढं करूनही दिवा हटला नाही तर तारच उपटून टाकायचा. “आता बोलतो का बघ,” म्हणायचा. दिवा मुका व्हायचा आणि गाडीवाला हसत निघून जायचा.

तार उपटली की खोटा दिवा विझतो तसा खराही विझतो. हे बाबाला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याचा कान असताना दिव्याची गरज कुणाला होती?

त्याचा कान होताच तसा. न्हावा शेव्याला बंदर आलं तेव्हा आमच्या गावातली माणसं मिठागरं सोडून कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून चढली, आणि बाबानं त्यांच्या वाटेवर पत्र्याची शेड टाकून गॅरेज काढलं. ट्रेलरवाले थांबायचेही नाहीत. शेडसमोरून हळू न्यायचे आणि बाबा चहाचा ग्लास हातात धरून ओरडायचा, “तिसऱ्या नंबरचा सिलिंडर बोलतोय, परत येताना आन.” पुढे रस्ता रुंद झाला, शेड गेली, बाबा घरी बसला. मग गाड्या अंगणात यायला लागल्या. कुणी भाजी आणून द्यायचं, कुणी नुसतंच “काका” म्हणून पाया पडायचं. आई गेल्यावर त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. हे मला दिसत होतं, म्हणून पुढचं जे दिसायला हवं होतं ते मी बघितलं नाही. त्याचा राग आजही येतो, आणि तो माझा मलाच येतो.

टीव्ही इतका मोठा लावायचा की शेजारी बातम्या फुकट ऐकायचे. मागून हाक मारली तर वळायचा नाही. मी वैतागून म्हणायची, म्हातारा हट्टी झालाय. आमच्या घरात ऐकू न येणं आणि ऐकून न घेणं यातला फरक शोधायची वेळ कधी आलीच नव्हती. माझी भाची, भावाची मुलगी, चौथीतली, रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसून शाळेतलं सगळं सांगायची. तो प्रत्येक वाक्याला मान हलवायचा. “व्हय, व्हय,” म्हणायचा. फोनवरही तसंच, “व्हय, व्हय,” आणि फोन माझ्या हातात. मला वाटायचं, नातीपुढे बोलती बंद होते त्याची.

ज्या दिवसाबद्दल सांगतेय त्याच्या आदल्या संध्याकाळी शाळेची व्हॅन अंगणात आली. चालवणारा माझा चुलतभाऊ. पंधरा वर्षं ट्रेलर ओढला, पाठ गेली, मग गावातल्या चौदा पोरांना शाळेत न्यायला-आणायला ही जुनी व्हॅन घेतली. त्या चौदांत माझी भाचीही होती. ऑइलचा दिवा दोन दिवस लागतोय म्हणाला. बाबानं डिसमिस टेकवला, मूठ उजव्या कानात दाबली. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. मी दोरीवरचे कपडे काढत होते. इतका वेळ तो कधी लावत नसे, हे माझ्या लक्षात आलं. वय झालं, असं मनाशी म्हणून मी टॉवेलाची घडी घातली.

“काय न्हाय,” बाबा म्हणाला. “खारवलाय. जा बिनधास्त.” आणि तार उपटून तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली.

भाची पायरीवर बसली होती. ती म्हणाली, “आबा, आमची व्हॅन ना, टकटक करते.”

“व्हय, व्हय,” बाबा म्हणाला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात ग्रीसचा होता, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. टकटक मीही ऐकली होती, म्हणजे तिचा शब्द ऐकला होता. पण त्या क्षणी मला तिच्या केसांची पडली होती.

दुसऱ्या दिवशी आम्हाला दिघीपलीकडे आत्याकडे जायचं होतं, तिच्या नातीच्या साखरपुड्याला. आगरदांड्याला जेट्टीवरून जीप बोटीत चढवायची, खाडी ओलांडायची, संध्याकाळच्या मुहूर्ताला पोचायचं. भाऊ म्हणाला, एसटीनं जा. बाबा म्हणाला, माझ्या बहिणीकडं मी माझ्या गाडीनं जानार. गाडी मी चालवणार होते. मला गाडी त्यानंच शिकवली, पावसाळ्याआधी कोरड्या पडलेल्या मिठागरात, जिथे धडकायला काहीच नसतं. आम्ही सातला निघालो. भाची दप्तर घेऊन रस्त्यावर व्हॅनची वाट बघत उभी होती. तिनं हात केला, मी हॉर्न वाजवला.

दिवा पहिल्यांदा लागला वडखळला. नाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या, ऊन चढलं होतं, इंजिन तापून सावकाश धडधडत होतं. किटली एकदम लाल झाली. मी ॲक्सिलेटर दाबला, विझली. सोडला, लागली.

“बाबा, दिवा,” मी बोटानं दाखवलं.

त्यानं बघितलं. “खारवलाय,” म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला.

अलिबागेतून बाहेर पडल्यावर आम्ही सावलीत थांबलो. त्यानं ऑइल मोजायची पट्टी काढून मला दाखवली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत, भरपूर. “बघ,” म्हणाला. तार घासली, ग्रीस लावलं. मला बरं वाटलं. चौलपर्यंत दिवा गप्प होता. चौलला वाड्यांमधला रस्ता अरुंद, दोन्हीकडून सुपारी, समोरून एसटी आली म्हणून मी गाडी कडेला घेऊन थांबवली, आणि त्या सावलीत तो दिवा मला फारच लाल दिसला. मी रेस दिली, तो विझला. सोडली, परत लागला. आणि तेव्हा मला बाबाचीच जुनी शिकवण आठवली.

मी बारा-तेरा वर्षांची असताना गॅरेजात त्यानं मला सांगितलं होतं. खोटा दिवा एकसारखा लागून राहतो, कारण उघड्या तारेला इंजिनाच्या वेगाशी काही देणंघेणं नसतं. खरा दिवा रेसबरोबर खेळतो. रेस वाढली की पंप जोरात फिरतो, दाब वाढतो, दिवा विझतो. इंजिन मंदावलं की दाब पडतो, दिवा लागतो. आमचा दिवा सकाळपासून खेळत होता.

मी ते बोलून दाखवलं. बाबा समोर रस्त्याकडे बघत होता. “व्हय,” म्हणाला.

“व्हय काय? थांबायचं का?” मी त्याच्याकडे वळून विचारलं.

“चल, चल. बोट चुकंल.”

माझं डोकं फिरलं. स्वतःच शिकवायचं आणि स्वतःच ऐकायचं नाही! रेवदंड्याच्या पुलावर मी मुद्दाम वरच्या रेसवर गाडी ठेवली, म्हणजे दिवा विझलेला राहील. आपणच आपल्याला फसवतोय हे कळत होतं. पुढचा सगळा रस्ता, काशीदचा चढ, मुरूडचा बाजार, मी समोर कमी आणि त्या किटलीकडे जास्त बघितलं. एका बाजूला समुद्र इतका शांत होता की त्याचाही राग यावा. मुरूडच्या बाजारात रस्त्याच्या मधोमध टोपल्या घेऊन बायका बसलेल्या, गाडी मुंगीच्या पावलानं चालली, आणि तेव्हा मला पुढून एक बारीक आवाज आला. कुणी नखानं पत्र्यावर टिचकी मारावी तसा. मी काच खाली केली. बाजाराच्या गलक्यात तो हरवला. बाबा मांडीवर हात ठेवून निवांत बसला होता, त्यामुळे मी स्वतःची समजूत काढली की असा आवाज असता तर पहिला तोच उठला असता.

आगरदांड्याला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. बोट पलीकडून अजून निघायची होती. जेट्टीवर सात-आठ गाड्यांची रांग होती, आमच्यामागे बर्फाच्या पेट्या नेणारा एक टेम्पो येऊन लागला. तिकिटं काढता काढता रांग थोडी थोडी सरकत होती, म्हणून मी इंजिन चालूच ठेवलं. दिवा आता खेळत नव्हता. मी रेस दिली तरी किटली लाल ती लाल.

“ऐकतो,” बाबा म्हणाला आणि उतरला.

त्यानं बॉनेट उघडलं. सीटखालून डिसमिस काढला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानात दाबली, डोळे मिटले. मीही उतरले. आणि मला तो आवाज ऐकू आला. टिचकी नव्हती ती आता. हातोडीनं कुणी आतून ठोकावं तशी टक, टक, टक, इंजिनाच्या ठोक्याला धरून. मी बॉनेटपासून चार पावलं लांब होते. मागच्या टेम्पोवाल्यानंही मान बाहेर काढून बघितलं.

बाबाच्या कानात ती मूठ रुतली होती. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. डोळे उघडून तो माझ्याकडे बघून हसला.

“घड्यालासारखा चाललाय,” म्हणाला.

मी त्याच्या पाठीमागे गेले. आधी हळू म्हटलं, “बाबा.” मग जोरात, “बाबा, पायाशी बघ, साप!” टेम्पोवाला दचकून खाली बघायला लागला. बाबा डिसमिसचं टोक फडक्यानं पुसत होता. पलीकडून निघालेल्या बोटीनं भोंगा वाजवला. रांगेतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. त्या वळलेल्या बघून मग बाबाची मान वळली.

मी जीपच्या खिडकीतून हात घालून चावी बंद केली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तोंड त्याच्या तोंडासमोर धरून विचारलं, “कवापासून?”

तो माझ्या ओठांकडे बघत होता. आता आठवतं, दोन वर्षं तो माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडेच बघून बोलत होता. मला वाटायचं, बाप नजर चुकवायला लागलाय.

“दोन पावसालं झालं,” तो म्हणाला. “आधी डावा गेला. मंग उजवा.”

“बोलला का न्हाईस?”

तो परत डिसमिस पुसायला लागला. मी पुढे विचारलं नाही, कारण उत्तर आमच्या अंगणात रोज संध्याकाळी उभं असायचं. आणि अंगण डोळ्यांसमोर आलं तशी तिथली कालची गाडी आली.

“बाबा,” मी म्हटलं, “काल व्हॅनचं काय ऐकलंस?”

त्याच्या हातातला फडका थांबला.

“कायच न्हाय,” तो म्हणाला.

“मग खारवलाय कशावरून बोललास?”

“दरसाली खारवतोच,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकावं लागलं. “या दिवसांत समद्यांचा खारवतो. मना वाटला, त्याचापन तसाच असंल.”

व्हॅनचा दिवा खरा असता तरी आता लागणार नव्हता. तार बाबानं काढली होती, टेप त्यानंच गुंडाळली होती. टकटक करते, असं एक पोर त्याला सांगत होतं तेव्हा तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता.

मी घड्याळ बघितलं. साडेबाराला पाच कमी. शाळा साडेबाराला सुटते. शाळेपासून थोडी गल्ली, मग खाडीवरचा पूल. त्या पुलावर बंदराचे ट्रेलर नाकाला शेपटी लावून चालतात. कडेला थांबायला जागा नाही, एवढ्या जवळून मागच्या भरल्या ट्रेलरला वेळेत ब्रेक लागत नाही. तिथे व्हॅनचं इंजिन पकडलं तर काय होईल हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझं सगळं आयुष्य त्या रस्त्याच्या काठाला गेलंय, मी कंटेनरच्या यार्डात कागदपत्रांचं काम करते, असे अपघात महिन्याच्या महिन्याला ऐकते. चौदा पोरं. दप्तरं मांडीवर.

चुलतभावाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, रेंज गेली. मी तिकिटाच्या खिडकीकडे धावले, तिथे रेंजची एक काडी यायची. परत नुसती रिंग. भावाला लावला, तो कामावर, फोन बंद. शाळेचा नंबर माझ्याकडे नव्हता. ज्या शाळेच्या दारातून मी आयुष्यभर जा-ये केली तिचा नंबर माझ्याकडे नव्हता! बाबा माझ्यामागून आला होता, डिसमिस अजून हातात. मी त्याच्याकडे बघून ओरडले, “बघ, काय करून ठेवलंस!” खिडकीतल्या माणसानं मान वर केली. बाबाला ते ऐकू आलं नसेल, पण माझं तोंड त्यानं बघितलं. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

बारा चाळीसला फोन उचलला गेला.

“बोल ताई.” मागे पोरांचा कालवा, कुणीतरी गाणं म्हणत होतं, आणि त्याखाली व्हॅनचं इंजिन.

“गाडी थांबव. आहेस तिथे थांबव.”

“का गं? काय झाला?”

“तुझा ऑइलचा दिवा खरा होता. इंजिन पकडेल.”

तो हसला. खरोखर हसला, लाडानं. “ताई, काकांनी ऐकलाय ना. कानाला लावून ऐकलाय, तुझ्यासमोर.”

“बाबाचं चुकलं.”

“काकांचा?” तो म्हणाला. “काय पन बोलतेस. आता पूल लागंल, ट्रेलर हाय मागं, घरी गेल्यावर करतो फोन.”

“पुलावर नको! ऐक माझं—”

पण माझं त्यानं का ऐकावं? गावातल्या कुठल्याही माणसानं तेच केलं असतं. इंजिनाच्या बाबतीत माझ्या बापाच्या शब्दावर शब्द टाकायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि मी तर कागदपत्रं बघणारी बाई. बाबा माझ्या ओठांवरून सगळं वाचत होता. त्यानं हात पुढे केला आणि माझ्या कानावरचा फोन काढून घेतला.

फोन त्यानं कानाला लावलाच नाही. तोंडासमोर धरला, आणि बोलला. जेट्टीवरच्या शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला, कारण आपला आवाज केवढा आहे हे त्याला कळत नव्हतं.

“मी बोलतंय. गाडी बंद कर. पुलावर घालू नको. मना ऐकाला येत न्हाय. दोन वर्सं झाली, मी बहिरा हाय. तुझ्या गाडीचा मी कायच ऐकला न्हाय. कायच न्हाय. मी खोटा बोललो. गाडी बंद कर. पोरांना उतरव. मी बहिरा हाय. माझा ऐकू नको. बंद कर. मी बहिरा हाय.”

पलीकडून उत्तर आलं की नाही हे त्याला समजायचा मार्ग नव्हता, म्हणून तो थांबेना. तेच तेच परत म्हणत राहिला. रांगेतली माणसं गाड्यांमधून उतरून बघायला लागली. खिडकीतल्या माणसानं तिकिटं फाडणं थांबवलं. शेवटी मी त्याचं मनगट धरलं आणि फोन सोडवून घेतला.

पलीकडे शांत होतं. आधी मला वाटलं, लाइन कटली. मग हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला, आणि मग पोरांचा, गाणं थांबलेलं. इंजिनाचा आवाज नव्हता.

“बंद केली,” चुलतभाऊ म्हणाला. “कडेला घेतली. पूल समोर हाय.” व्हॅनचं दार सरकल्याचा, पोरं उतरल्याचा आवाज आला, मग तो म्हणाला, “ताई, मना येत होता गं आवाज. कालपासून येत होता टकटक. पन काका बोलला काय न्हाय, तवा मी म्हटला माझेच कान वाजतायत.”

ती व्हॅन नंतर खोलली तेव्हा आतलं बेअरिंग कागदासारखं पातळ निघालं. पुलाची चढण त्यानं पेलली असती की नाही, हे खोलणाऱ्यानं आपणहून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या जीपला त्याच दुपारी मुरूडहून आलेल्या मेकॅनिकनं त्या बटणाच्या जागी दाब मोजायचा मीटर लावला. इंजिन चालू केलं, सुई हलली नाही. साखरपुड्याला आम्ही पोचलो नाही. आत्या अजून बोलून दाखवते, आणि आम्ही तिला ऑइलचा पंप गेला होता एवढंच सांगितलंय.

पण तेव्हा, जेट्टीवर, फोन अजून चालू असताना बाबानं मला विचारलं, “काय बोलला?” ओरडून उत्तर द्यायला मला जमेना. मी हातानं चावी बंद केल्याची खूण केली, मग दोन बोटांनी पोरं उतरल्याची. तो तिकिटाच्या खिडकीच्या कठड्याला धरून उभा राहिला. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

बर्फाच्या टेम्पोवाल्यानं मघाशी बाबाच्या हातात डिसमिस बघून आपलंही बॉनेट उघडून ठेवलं होतं. म्हातारा मोकळा झाला की आपलंही इंजिन त्याच्याकडून ऐकून घ्यावं, म्हणून तो तिथेच घुटमळत होता. आता तो गुपचूप गेला आणि त्यानं बॉनेट हळूच मिटलं, आवाज होणार नाही अशा बेतानं. बाबानं ते बघितलं. त्याचे डोळे शाबूत होते.

फोन अजून माझ्या कानाला होता. तिकडे कुणीतरी तो चुलतभावाच्या हातातून घेतला.

“आत्या, आम्ही सगळे उतरलो. झाडाखाली उभे हाव.” माझी भाची होती. “आबा का ओरडत होता? त्याला दे ना.”

सवयीनं मी फोन बाबाच्या कानाला लावला. तो थोडा वाकला आणि दोन्ही हातांनी फोन धरला. तिचा आवाज बारीक पण धारदार, शेजारी उभी राहून मला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, “आबा, मना लय भ्या वाटला. तू कवा येशील घरी?”

बाबानं मान हलवली. “व्हय, व्हय,” म्हणाला.

ती पुन्हा म्हणाली, “कवा येशील पन?”

“व्हय, बाय, व्हय,” तो म्हणाला आणि फोन माझ्यापुढे धरला. मी तिला सांगितलं, संध्याकाळपर्यंत येतो.